तूप कडवट, लोणच्यावर बुरा, थालीपीठ चामट: तिन्हींचं दुखणं एकच

प्रश्न थोडक्यात असा आहे: "काकू, मी पुण्यात नोकरी करते, फ्लॅटमध्ये राहते. गेल्या वर्षापासून छंद म्हणून घरी सगळं मुळापासून करायला घेतलंय. रविवार त्यासाठीच राखून ठेवते. पण तूप कडवट झालं, कैरीच्या लोणच्यावर तिसऱ्या आठवड्यात पांढरा बुरा आला आणि भाजणी दळून आणली तर थालीपीठ चामट. सगळं वजनकाट्यावर मोजून घेतलं होतं. माझं कुठे चुकतंय? आणि पुढे काय करायला घेऊ?" सोबत तिने तिन्हींची कृती सविस्तर लिहून पाठवली आहे.

तू काकू म्हणालीस, तेव्हा मी सरळ अगं-तूगंवरच येते.

तुला ही तीन वेगळी दुखणी वाटतायत. मला तिन्हीकडे एकच दिसतंय, ते म्हणजे पाणी. तुपात ते काढून टाकायचं असतं, लोणच्यात बांधून ठेवायचं असतं, भाजणीत आधी घालवायचं आणि मग सावकाश परत द्यायचं असतं. वजनकाटा मिठाचं वजन सांगतो, पाणी गेलं की नाही ते सांगत नाही. त्याला कान, नाक आणि बोटं लागतात, आणि ती तयार व्हायला वर्षभर जातं. तेव्हा पहिल्या वर्षी तीन पदार्थ बिघडले तर फार बिघडलं असं समजू नकोस.

तुपापासून सुरुवात करते, कारण वर्षभर करता येतं आणि चूक झाली तर आठवड्यात कळते.

तू लिहिलंयस की पंधरा दिवस साय डब्यात साठवली, फ्रीजमध्ये ठेवली आणि रविवारी मिक्सरवर फिरवली. विरजण लावल्याचा उल्लेखच नाही. कडवटपणा तिथूनच आलाय. फ्रीजच्या गारव्यात वाढ मंदावते, थांबत नाही. गारव्यातही तग धरणारे जंतू सायीतल्या प्रथिनांचे आणि स्निग्धाचे तुकडे करत बसतात, आणि ते तुकडे जिभेला कडू लागतात. असली साय कितीही चांगली कढव, तूप कडूच होणार. पहिल्याच दिवशी डब्यात चमचाभर ताजं दही घाल आणि रोजची साय त्यावर पसरत जा. दह्यातल्या जंतूंनी डब्यात आंबटपणा धरला की बाकीच्यांना फारसा वाव राहत नाही. तरीही सात-आठ दिवसांपलीकडे नेऊ नको. दुसरा मार्ग म्हणजे साय फ्रीजरमध्ये साठवायची, पुरेशी जमली की बाहेर काढून कोमट करायची आणि मग एकदाच विरजण लावायचं. मी स्वतः पहिला मार्ग धरते, कारण लोण्याचा तो खास वास त्या रोजच्या सावकाश आंबण्यातून येतो.

दूध कुठलं घेतेस ते लिहिलं नाहीस. पिशवीवर फुल क्रीम असेल तर ६ टक्के स्निग्ध, टोन्ड असेल तर ३ टक्के. रोज एक लिटर फुल क्रीम घेतलंस तर आठवड्याला ४०० ग्रॅमवर स्निग्ध तुझ्या पातेल्यातून जातं. त्यातलं सगळं सायीत येत नाही, दुधातही राहतं. माझ्याकडे आठवड्याला पाव किलोच्या आसपास तूप निघतं. पिशवीवर होमोजिनाइज्ड लिहिलं असेल तर मात्र साय धरतच नाही. हातगुण वगैरे काही नाही, त्या दुधातले स्निग्धाचे कण फोडून इतके बारीक केलेले असतात की ते वर येत नाहीत.

घुसळायच्या आधी विरजलेली साय सहा-सात तास बाहेर ठेव, मग थंड कर. लोणी सुटतं ते साधारण १२ ते १५ अंशांना. उन्हाळ्यात बर्फाचं पाणी घालायचं, थंडीत चमचाभर कोमट. मिक्सर चालेल, पण थांबून थांबून फिरव, नाहीतर पात्यांच्या उष्णतेने लोणी विरघळतं आणि सगळं चिकट होऊन बसतं.

आता बहुतेक जण चुकतात ती जागा. लोणी निघालं की थेट कढईत जातं. तसं करू नको. गार पाण्याने तीन-चार वेळा धू, पाणी नितळ येईपर्यंत. लोण्यात अडकलेलं ताक धुतलं गेलं नाही तर तेच तळाला बसून करपतं. धुतल्यावरही लोण्यात पाणी असतंच. विकतच्या लोण्यातसुद्धा १६ टक्क्यांपर्यंत चालतं, घरच्यात त्याहून जास्त. हे सगळं पाणी कढईतून उडून जायला हवं.

इथे कान लाव. आधी मोठे बुडबुडे, गडगड आवाज, वर पांढरा फेस. हे पाणी उकळतंय. जोवर पाणी आहे तोवर कढईचं तापमान शंभर अंशांच्या फार वर जात नाही, म्हणून सुरुवातीला आच मध्यम असली तरी चालते. मग आवाज बारीक होत जातो, फेस विरतो आणि तळ दिसू लागतो. पाणी संपत आलं. आता तापमान भराभर चढतं आणि पुढची दोन-तीन मिनिटं कढईसमोरून हलायचं नाही. आच अगदी मंद. बेरी बदामाच्या सालीच्या रंगावर यायच्या थोडं आधीच गॅस बंद कर, कारण जाड बुडाची कढई नंतरही शिजवत राहते. तू लिहिलंयस, "बेरी तांबडी-काळी होईपर्यंत ठेवलं." म्हणजे कडवटपणा दुसऱ्यांदा आला तो इथे.

आमची आई मिरजेची. ती शेवटी कढईत विड्याचं पान टाकायची. वासासाठी टाकते, एवढंच लहानपणी ठाऊक होतं. पुष्कळ वर्षांनी लक्षात आलं की पान हे तिचं मोजमाप होतं. पान तडतडून कुरकुरीत झालं म्हणजे त्यातलंही पाणी गेलं, लोण्यातलं तर गेलंच. उतरवलेलं तूप रवाळ हवं असेल तर ओट्यावरच निवू दे, फ्रीजमध्ये घाई करू नको. उरलेल्या बेरीत साखर घालून खा, आणि घरात लहान मूल असेल तर त्याला विचारून खा.

लोणच्याचं दुखणं जास्त गंभीर आहे, म्हणून ते नीट ऐक.

एक किलो फोडींना तू १०० ग्रॅम मीठ घातलंस, "आरोग्यासाठी निम्मं." वर्षाच्या लोणच्यात मीठ चवीपुरतं नसतं. ते कैरीतलं पाणी बाहेर ओढतं आणि स्वतः त्यात विरघळून ते पाणी जंतूंना वापरता येऊ नये असं करून ठेवतं. किलोभर फोडींना २०० ग्रॅम मीठ घातलं की फोडींतून सुटणाऱ्या खाराचा सुमारे पाचवा हिस्सा मीठ होतो. त्यात कैरीचा आंबटपणा, वर तेलाचं झाकण. या तिघांच्या पहाऱ्यात लोणचं वर्ष काढतं. तू त्यातला एक पहारेकरी अर्ध्या पगारावर ठेवलास. मीठ कमीच खायचं असेल तर कैरी किसून गूळ-तिखट घालून तक्कू कर, फ्रीजमध्ये ठेव, आठवड्यात संपव. छान लागतो. पण बरणीचं लोणचं आणि कमी मीठ यांचं जमत नाही.

माझं प्रमाण सांगते. एक किलो फोडी (कोय काढून, चिरल्यावरचं वजन), २०० ग्रॅम जाडं मीठ तव्यावर कोरडं करून, १०० ग्रॅम मोहरीची डाळ, ६० ग्रॅम तिखट, २५ ग्रॅम हळद, १५ ग्रॅम मेथी तेलात तळून कुटलेली, १५ ग्रॅम हिंग, आणि शेंगदाण्याचं तेल ३५० ग्रॅम. कैरी राजापुरी, घट्ट, आतून पांढरी. पिवळट झाली असेल तर लोणचं महिन्यात लिबलिबीत.

कैऱ्या धुवायच्या त्या अख्ख्या. फडक्याने पुसून तासभर पंख्याखाली ठेवायच्या आणि मगच फोडायच्या. बाजारात फोडून आणत असशील तर फोडणाऱ्याची फळी ओली आहे का बघ. मी माझं फडकं घेऊन जाते आणि आधी फळी पुसायला लावते, तो हसतो, मला चालतं. मीठ-हळद चोळून रात्रभर ठेव. सुटलेला खार टाकू नको, त्यातच मीठ आहे. चिनीमातीची बरणी दोन दिवस कडक उन्हात ठेव. निखाऱ्यावर हिंगाची चिमूट टाकून बरणी त्यावर पालथी घालायची आमची पद्धत आहे; बरणी शेवटची कोरडी होते आणि वास आतपर्यंत बसतो. निखारे नसतील तर नुसतं ऊन पुरे.

आता तेल. लग्नानंतर पहिल्यांदा एकटीने केलेलं माझंही लोणचं फुकट गेलं होतं, आणि नेमकं इथेच. तेल कडकडीत तापवलं, घाईत गरमच ओतलं, झाकण लावलं. दुसऱ्या दिवशी झाकणाखाली थेंब लोंबत होते आणि पंधरा दिवसांत बुरा. शिवाय मोहरीचा झणकाही मेला. मोहरीचा तिखटपणा दाण्यात तयार नसतो. दाणा चिरडला आणि त्याला ओल लागली की आतली दोन द्रव्यं एकत्र येऊन तो तयार होतो, म्हणून तर आपण मोहरी फेसतो. ही क्रिया घडवून आणणारं द्रव्य उष्णतेने निकामी होतं. तेव्हा तेल तापव, पूर्ण निवव, भांड्याला हात लावून बघ, आणि मगच मसाल्यावर घाल. मोहरीची डाळ पिठासारखी बारीक करू नको, कडू होते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी बरणी उघडून बघ. तेल फोडींच्या वर बोटभर दिसायला हवं. नसेल तर आणखी तापवून, निववून घाल.

बुरा आलेलं लोणचं फेकून दे. "वरचं काढलं की खालचं चालतं" म्हणणारं घरात कुणीतरी असतंच, आणि पुरेशा मिठाच्या लोणच्यात पूर्वी ते निभावूनही जायचं. तुझ्या लोणच्यात मीठच निम्मं आहे, तेव्हा खालीही काय चाललंय ते दिसत नाही. आणि एक बजावून सांगते: कैरी-लिंबात जो आंबटपणा आहे तो लसणात नाही. सोललेला लसूण नुसत्या तेलात बुडवून आठवडेच्या आठवडे ओट्यावर ठेवायचं जे फॅड निघालंय, ते करू नको. हवा नसलेल्या, आंबट नसलेल्या जागी वाढणारे जंतू विष तयार करतात आणि त्याला ना वास येतो, ना रंग. लसणाचं लोणचं भरपूर लिंबूरस घालून कर आणि फ्रीजमध्ये ठेव.

भाजणीबद्दल थोडक्यात. तू सगळी धान्यं एकत्र, मोठ्या आचेवर वीस मिनिटांत भाजलीस. बाजरीचा दाणा बारीक, हरभऱ्याची डाळ जाड. बाजरी करपेपर्यंत डाळ आतून कच्चीच. प्रत्येक धान्य वेगळं भाजायचं, मंद आचेवर. भाजलं गेलं हे रंगाआधी वासावरून कळतं. दाणा दाताखाली कटकन फुटला पाहिजे, चिवट लागला तर आत ओल आहे. बाजरीचं पीठ एरवी चटकन कडवट होतं; नीट भाजल्यावर ते बरंच टिकतं, हा भाजणीचा खरा फायदा.

चामटपणाचं दुसरं कारण गहू. तू ज्वारीइतकाच गहू घातलास, तोही अर्धकच्चा. असा गहू पाण्यात मळला की त्याला चिवटपणा येतोच, पोळीला हवा असतो तसा. थालीपिठाला तो नको. ज्वारी २ वाट्या, बाजरी २, तांदूळ १, हरभरा डाळ १, उडीद डाळ अर्धी, गहू अर्धी, धणे अर्धी, जिरं दोन चमचे. एवढंच. बंधाचं काम उडीद करतो.

भाजलेलं धान्य पूर्ण गार झाल्यावरच गिरणीत ने. गरम धान्य डब्यात भरलं की आत वाफ धरते आणि एवढं भाजून घालवलेलं पाणी पुन्हा पिठात. गिरणीवाल्याला सांग, थोडं सरसरीत ठेवा आणि ज्वारीवर दळा. आधी कुणाची मिरची दळली असेल तर तुझी भाजणी वर्षभर शिंका आणेल.

आणि भिजवताना नळाचं गार पाणी घालून लगेच थापायला घेऊ नको. भाजलेलं पीठ पाणी हळू पितं. कोमट पाण्यात सैलसर भिजव, कांदा-कोथिंबीर घाल आणि पंधरा मिनिटं झाकून ठेव. मग बघ, पीठ पुन्हा घट्ट झालेलं असतं आणि आणखी पाणी मागतं. ते दे. थापल्यावर बोटाने भोकं पाड, तेल सोड, झाकण ठेव. झाकणाखालची वाफ थालीपीठ मऊ करते, झाकण काढल्यावर ते खरपूस होतं.

आता पुढे काय करू म्हणतेस. इथे मला तुझ्या रविवाराबद्दल बोलायचंय. ही कामं एका दिवसात बसणारी नाहीत. त्यांना रोजची दहा मिनिटं लागतात, आणि ती नोकरीवाल्या माणसाला खरं तर रविवारच्या आठ तासांपेक्षा सोपी जातात. कुरडई हे त्याचं उत्तम उदाहरण. एप्रिलमध्ये करून बघ.

बुधवारी रात्री किलोभर गहू भिजत घाल. गुरुवारी आणि शुक्रवारी रात्री फक्त पाणी बदल. आंबूस वास येईल, घाबरू नको, तो यायलाच हवा. शनिवारी संध्याकाळी दाणा दोन बोटांत दाबलास की पांढरं दूध निघेल. मिक्सरवर पाणी घालून वाट, पातळ फडक्यातून दोन-तीनदा पिळून गाळ आणि मोठ्या पातेल्यात रात्रभर हलवू नको. उरलेल्या चोथ्याच्या तीळ-तिखट घालून भुसवड्या होतात. रविवारी सकाळी वरचं पिवळट पाणी अलगद ओतून दे; तळाला दाट पांढरा चीक. तो मोजायचा, तेवढंच पाणी मीठ-हिंग घालून उकळायचं आणि एका हाताने चीक ओतत दुसऱ्याने सतत घोटायचं. इथे कुणीतरी मदतीला असेल तर बरं, कारण मिनिटभरात हात भरून येतो. पांढरा रंग जाऊन काचेसारखी झाक आली की शिजला. झाकून एक वाफ काढ आणि गरम असतानाच सोऱ्यातून कुरडया घाल. निवला तर सोऱ्या फिरत नाही.

त्याआधी वाटीभर चीक बाजूला काढ, वर तूप-साखर घाल आणि उभ्या-उभ्याच खा. मी गेली पंधरा वर्षं उन्हाळ्यात डोंबिवलीत घरी वर्ग घेते. कुरडईच्या दिवशी निम्मा चीक सोऱ्यापर्यंत पोचतच नाही.

वाळवायला गच्ची नसेल तर बाल्कनी चालेल. कबुतरांसाठी वर जुनी मच्छरदाणी ताण. पुण्याच्या उन्हात दोन दिवसांत काम होतं, आमच्या दमट हवेत तीन-चार लागतात. न्यू जर्सीतली माझी भाची ओव्हन सगळ्यात कमी आचेवर ठेवून, दार किंचित उघडं टाकून वाळवते. रंग थोडा पिवळा येतो, फुलते मात्र झकास. कुरडई मोडून बघायची. वाकली तर आत ओल आहे, कट्कन तुटली तर डब्यात भर. अगदी थोडी ओल आत अडकून राहतेच, आणि तेलात टाकल्यावर तिचीच वाफ होऊन कुरडई फुलते.

उडदाचे पापड मात्र करू नकोस. ते एकटीचं कामच नाही. पीठ कुटायला एक, लाट्या करायला एक, लाटायला चार, आणि गप्पा चालू ठेवायला एक. १९५९ साली गिरगावात सात जणींनी ऐंशी रुपये उसने घेऊन इमारतीच्या गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली आणि पहिल्या दिवशी चार पाकिटं निघाली. त्यातून पुढे लिज्जत उभं राहिलं. मी त्या सात जणींचा मान राखते आणि पापड विकत आणते.

या रविवारी काही करू नको. फक्त सायीच्या डब्यात चमचाभर दही घाल, आणि पुढच्या रविवारी तूप कढवताना घरातला टीव्ही बंद ठेव.